थरांतले चुंबकत्व : किहीमच्या कातळापासून कुलाब्याच्या स्फटिकापर्यंत

किहीमचा किनारा आणि कुलाब्याच्या दक्षिण टोकावर असलेली टाटा मूलभूत संशोधन संस्था यांच्यामध्ये मुंबई बंदराचे तोंड पसरलेले आहे आणि दोहोंतले सरळ अंतर सुमारे २० किलोमीटर भरते. किहीमहून दक्षिणेकडे त्याच्या निम्म्या अंतरावर अलिबागची चुंबकीय वेधशाळा आहे. किनाऱ्याच्या एवढ्याशा पट्ट्यात चुंबकत्वाचा अभ्यास तीन फार वेगवेगळ्या मापांवर झालेला आहे. पायाखालच्या बेसाल्टच्या थरांत कोट्यवधी वर्षांपूर्वी गोठलेले चुंबकत्व हे त्यांपैकी पहिले, पृथ्वीच्या क्षेत्रात तासातासाला होणारे सूक्ष्म चढउतार हे दुसरे, आणि प्रयोगशाळेत घडवलेल्या स्फटिकांच्या अणुथरांत, केवळ शून्याच्या जवळपासच्या तापमानाला प्रकट होणारे चुंबकत्व हे तिसरे. या तिसऱ्या प्रकाराला आज टोपोलॉजिकल पदार्थांचे चुंबकत्व म्हणतात आणि तोच येथील मुख्य विषय आहे. परंतु त्याचे पहिल्या दोहोंशी असलेले नाते केवळ भूगोलाचे नाही, कारण तिन्ही ठिकाणी मोजमाप आधी झाले आणि त्याचा पुरता अर्थ पुढे, कधी कधी शतकाहूनही उशिरा, उमगला.

रायगडच्या किनाऱ्यावरचा काळा कातळ हा दख्खनच्या लाव्ह्याचा भाग आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठातील भेगांमधून लाव्ह्याचे लोट एकामागून एक बाहेर पडले, प्रत्येक लोट पसरून थंड झाला आणि त्यावर पुढचा लोट आला, त्यामुळे सह्याद्रीच्या कड्यांवर आडव्या पायऱ्या दिसतात. किनाऱ्यालगत मात्र पनवेलच्या परिसरातून जाणाऱ्या वळीमुळे हे थर पश्चिमेकडे, म्हणजे समुद्राच्या बाजूला, कललेले आहेत. बेसाल्टमध्ये लोह आणि टायटॅनियम यांच्या ऑक्साइडांचे बारीक कण असतात. असा कण तप्त असताना त्यातील अणूंची चुंबकीय परिबले, म्हणजे प्रत्येक अणूच्या अंगी असलेले सूक्ष्म चुंबक, उष्णतेच्या खळबळीमुळे कोणत्याही एका दिशेला टिकून राहत नाहीत. परंतु तापमान एका ठरावीक मर्यादेखाली आले की ती परस्परांच्या प्रभावाने रांगेत येतात. या मर्यादेला प्येर क्युरी यांच्या नावावरून क्युरी तापमान म्हणतात आणि शुद्ध मॅग्नेटाइटसाठी ते सुमारे ५८० अंश सेल्सिअस असते. थंड होण्याच्या त्या घडीला पृथ्वीचे क्षेत्र ज्या दिशेला असेल ती दिशा लोटात गोठते आणि खडक पुन्हा तापला नाही तर सहसा पुसली जात नाही.

या गोठलेल्या दिशा वाचण्याचे काम भारतात १९५० च्या दशकात सुरू झाले. लंडनमध्ये पॅट्रिक ब्लॅकेट यांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या गटातील क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी १९५६ मध्ये दख्खनच्या खडकांवरील निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि १९५९ मध्ये डॉइच यांच्यासोबत टाटा संस्थेतील सी. राधाकृष्णमूर्ती आणि पी. डब्ल्यू. सहस्रबुद्धे यांचाही निबंध आला. खडकातील चुंबकीय दिशा क्षितिजाशी किती कोन करते यावरून तो खडक कोणत्या अक्षांशावर थंड झाला हे काढता येते, मात्र किनाऱ्याकडच्या नमुन्यांत थरांचा नंतरचा कल आधी वजा करावा लागतो. दख्खनच्या लोटांनी सांगितलेला अक्षांश विषुववृत्ताच्या दक्षिणेला सुमारे ३० अंशांचा निघाला; म्हणजे आज उत्तर गोलार्धात १९ व्या अंशाच्या आसपास असलेली ही भूमी लाव्हा वाहत होता तेव्हा आफ्रिकेच्या पूर्वेला, दक्षिण गोलार्धात होती. याहून वेगळी दुसरी गोष्टही आढळली, ती म्हणजे काही लोटांतील दिशा आजच्या क्षेत्राशी जुळणारी तर काही लोटांतील तिच्या बरोबर उलट आहे, कारण त्या काळात पृथ्वीच्या क्षेत्राची दिशाच पालटली होती. १९६५ मध्ये एस. डी. लिखिते, राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे यांनी खडकांच्या चुंबकीय स्वभावाची चाचणी घेणारे एक उपकरण तयार करून त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. दगडाचा तुकडा प्रत्यावर्ती क्षेत्रात ठेवून तो किती चुंबकित होतो आणि क्षेत्र मागे फिरल्यावर किती मागे रेंगाळतो याची वक्ररेषा हे उपकरण पडद्यावर काढत असे. पुढे ज्या संस्थेत अणुथरांच्या चुंबकत्वावर काम झाले, तिच्या चुंबकत्वाच्या अभ्यासाचा एक धागा कोकण आणि सह्याद्रीच्या दगडापासून निघालेला आहे, ही गोष्ट विज्ञानाच्या इतिहासात फारशी सांगितली जात नाही आणि ती सांगितली जायला हवी.

अलिबागच्या वेधशाळेची कथा तुलनेने परिचित आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या क्षेत्राची नियमित मोजणी होत असे. मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्रामगाड्या येणार हे स्पष्ट झाल्यावर त्यांच्या प्रवाहांमुळे नोंदी बिघडतील म्हणून वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस यांच्या कारकिर्दीत हे काम अलिबागला हलवण्यात आले. तेथे १९०४ मध्ये मोजणी सुरू झाली, दोन्ही ठिकाणच्या नोंदी दोन वर्षे समांतर घेऊन त्यांचा मेळ बसवण्यात आला आणि १९०६ मध्ये कुलाब्याची चुंबकीय मोजणी थांबली. इमारतीसाठी स्थानिक काळा दगड टाळून पोरबंदरचा दगड आणण्यात आला, कारण बेसाल्ट स्वतःच चुंबकीय असल्याने त्याच्या भिंतींत पृथ्वीचे क्षेत्र निर्दोषपणे मोजणे शक्य नव्हते. याच परंपरेतील कुलाब्याच्या जुन्या वहीत १८५९ च्या सप्टेंबर महिन्याच्या आरंभी झालेल्या प्रचंड सौर वादळाची नोंद होती. क्षेत्राचा आडवा घटक त्या वेळी सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी घसरला होता. टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचे एकक असून पृथ्वीचे क्षेत्र या किनाऱ्यावर सुमारे ४३,००० नॅनोटेस्ला, म्हणजे एका टेस्लाच्या लाखाव्या हिश्श्याच्या चौपटीहून थोडे अधिक असते. त्या घसरणीचे भौतिक महत्त्व २००३ मध्ये त्सुरुतानी, गोन्झालेस आणि भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील लखिना व अलेक्स यांनी नव्याने मांडले, म्हणजे नोंद झाल्यानंतर १४४ वर्षांनी.

खडकाच्या थरांची जाडी मीटरांत मोजली जाते. स्फटिकाच्या थरांची जाडी मीटरच्या एक अब्जांश भागाच्याही अंशांत, म्हणजे नॅनोमीटरच्या तुकड्यांत. येथे थर हा शब्द वेगळ्या अर्थाने घ्यावा लागतो. स्फटिकात अणू ठरावीक अंतरांवर, ठरावीक आकृतीत पुन्हा पुन्हा येतात आणि काही स्फटिकांत ही आकृती अशी असते की एका प्रकारचे अणू एका प्रतलात, दुसऱ्या प्रकारचे त्याच्या वरच्या प्रतलात, आणि हाच क्रम स्फटिकभर चालू राहतो. थरांमधील बंध कधी इतके दुबळे असतात की चिकटपट्टीने एकेक थर सोलून काढता येतो, तर कधी थर घट्ट बांधलेले असतात आणि त्यांची ओळख केवळ अणूंच्या मांडणीतून व चुंबकीय वर्तनातून पटते. गॅडोलिनियमचे दोन, पॅलेडियमचा एक आणि सिलिकॉनचे तीन अणू या प्रमाणात बनणारे आंतरधातू संयुग दुसऱ्या प्रकारचे आहे. आंतरधातू संयुग म्हणजे ज्यात घटकांचे प्रमाण आणि स्फटिकातील त्यांच्या जागा दोन्ही निश्चित असतात असे, सर्वसाधारण मिश्रधातूहून अधिक शिस्तीचे द्रव्य. या संयुगात गॅडोलिनियमचे अणू समभुज त्रिकोणांच्या जाळीत बसतात, त्यांच्या वर पॅलेडियम आणि सिलिकॉन यांची षट्कोनी जाळी येते, त्यावर पुन्हा गॅडोलिनियमची त्रिकोणी जाळी, आणि एका थरातील शेजारच्या दोन गॅडोलिनियम अणूंमधील अंतर सुमारे ०.४ नॅनोमीटर असते.

या कुळातील संयुगांचे चुंबकीय गुणधर्म १९९० मध्ये ग्रीसमधील कोत्सानिदिस, याकिंथोस आणि गमारी-सील यांनी प्रसिद्ध केले होते. टाटा संस्थेतील ई. व्ही. संपतकुमारन आणि त्यांचे सहकारी यांनी गॅडोलिनियमच्या संयुगाकडे विशेष लक्ष दिले, त्याचे कारण त्याच्या विद्युत् रोधात होते. साध्या धातूचे तापमान उतरवत नेले तर अणूंची थरथर कमी होते आणि रोध घटत जातो. या संयुगात मात्र रोध एका तापमानापर्यंत घटतो, मग चुंबकीय क्रम प्रस्थापित होण्याच्या बराच आधी तळ गाठून पुन्हा वाढू लागतो; आर. मलिक, संपतकुमारन आणि जर्मनीतील सहकाऱ्यांनी ही गोष्ट १९९८ मध्ये मांडली. अशा तळाला सामान्यतः कोंडो परिणाम कारणीभूत धरतात, ज्यात वाहते इलेक्ट्रॉन एकेका चुंबकीय अणूभोवती अडखळतात. परंतु गॅडोलिनियमच्या बाबतीत हे स्पष्टीकरण बसत नाही, कारण त्याचे सात चुंबकीय इलेक्ट्रॉन अणूच्या आत खोलवर स्थिर असतात आणि वाहत्या इलेक्ट्रॉनांत मिसळत नाहीत. ज्या मूलद्रव्याचे वर्तन सर्वांत सरळ असावे असे मानले जात होते त्यातच ही विसंगती दिसावी, यातच खरे आव्हान होते.

पुढच्याच वर्षी, १९९९ मध्ये, एस. आर. साहा, टोकियो मेट्रोपॉलिटन विद्यापीठातील हिदेयुकी सातो आणि त्यांचे सहकारी, तसेच मलिक व संपतकुमारन यांनी याच संयुगाच्या एकसंध स्फटिकावरील सविस्तर मोजमापे प्रसिद्ध केली. एकसंध स्फटिक हवा असतो तो अशासाठी की सर्वसाधारण वितळलेल्या गोळ्यात असंख्य बारीक स्फटिक वेड्यावाकड्या दिशांनी बसलेले असतात आणि थरांच्या लांबीने व आडव्या दिशेने होणारे वर्तन वेगळे काढता येत नाही. या मोजमापांनुसार २१ केल्व्हिन, म्हणजे उणे २५२ अंश सेल्सिअस, तापमानाखाली संयुगात प्रतिलोहचुंबकीय क्रम येतो. अशा क्रमात परिबले एकमेकांच्या विरुद्ध वळतात आणि बाहेरून पाहता पदार्थ चुंबक वाटत नाही. थरांना लंब दिशेने क्षेत्र लावून ते वाढवत नेले की चुंबकन सावकाश वाढत न जाता दोन ठिकाणी अचानक उडी घेते. याच निबंधात हॉल परिणामाचीही मोजणी होती आणि तिच्यातही, विशिष्ट क्षेत्रांच्या टप्प्यात, सरळ हिशेबात न बसणारा फुगवटा होता. कारण सांगता येत नसतानाही तो वक्र जसा मिळाला तसा छापला गेला, आणि या संपूर्ण प्रकरणात सर्वांत मोलाची कृती हीच होती.

हॉल परिणाम म्हणजे काय हे येथे सांगणे अवश्य आहे. धातूच्या पट्टीतून प्रवाह लांबीने वाहत असताना पट्टीला लंब असे चुंबकीय क्षेत्र लावले तर इलेक्ट्रॉन एका कडेला ढकलले जातात आणि पट्टीच्या रुंदीत विद्युत् दाब निर्माण होतो. एडविन हॉल यांनी अमेरिकेत १८७९ मध्ये हे दाखवले. चुंबकीय नसलेल्या धातूत हा दाब लावलेल्या क्षेत्राच्या प्रमाणात असतो. चुंबकीय धातूत त्यात आणखी एका भागाची भर पडते आणि हा भाग पदार्थाच्या चुंबकनाच्या प्रमाणात असतो. मोजलेल्या दाबातून हे दोन्ही भाग वजा केले आणि तरी काही उरले, तर त्या उरलेल्याचा उगम क्षेत्रातही नाही आणि चुंबकनाच्या बेरजेतही नाही, तो परिबलांच्या मांडणीच्या आकारात शोधावा लागतो.

मांडणीच्या आकाराचा विचार करणाऱ्या गणिताच्या शाखेला टोपोलॉजी किंवा संस्थितिविज्ञान म्हणतात. वस्तू ताणली, दाबली, वाकवली, परंतु फाडली किंवा जोडली नाही, तर तिचे जे गुण टिकून राहतात त्यांचा ती अभ्यास करते आणि असे गुण बहुधा पूर्णांकात मोजले जातात, कारण छिद्र एक असते किंवा दोन असतात, दीड नसते. डोक्यावरचा भोवरा या विचाराच्या जवळ जातो: कंगव्याने तो इकडून तिकडे सरकवता येतो, पसरट करता येतो, पण केस कितीही नीट विंचरले तरी सलग विंचरण्याने तो नाहीसा करता येत नाही. चुंबकीय थरात अशीच एक आकृती संभवते. तिच्या मध्यभागी परिबल लावलेल्या क्षेत्राच्या विरुद्ध, म्हणजे खाली, वळलेले असते. कडेला सर्व परिबले क्षेत्राच्या दिशेने वर असतात. आणि मध्यापासून कडेपर्यंत जाताना ती हळूहळू वळत जातात, त्यात सभोवार फिरताना त्यांचा आडवा कलही एक पूर्ण फेरी घेतो. या आकृतीतील सगळ्या दिशा एका बिंदूपासून काढल्या तर त्यांनी गोलाचा पृष्ठभाग बरोबर एकदा व्यापलेला आढळतो. केसांच्या भोवऱ्यात मधोमध एक दिशाहीन बिंदू असतो, तसा या आकृतीत कोठेही नसतो. तरीही ‘एकदा’ हा आकडा हळूहळू शून्यावर आणता येत नाही. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ टोनी स्कर्म यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी अणुकेंद्रातील कणांच्या सिद्धान्तासाठी अशा आकृतीची कल्पना केली होती, म्हणून चुंबकातील आकृतीलाही स्कर्मिऑन म्हणतात.

स्कर्मिऑनमधून जाणाऱ्या इलेक्ट्रॉनाचे काय होते, हे कळायला भारतातीलच एका कामाची मदत होते. बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत शिवरामकृष्णन् पंचरत्नम यांनी १९५६ मध्ये दाखवले की प्रकाशाची ध्रुवीकरणाची अवस्था टप्प्याटप्प्याने बदलत पुन्हा मूळ अवस्थेला आणली तरी प्रकाशलहरीच्या कलेत फरक उरतो आणि तो फरक अवस्थांनी गोलावर घेरलेल्या क्षेत्रफळावरून ठरतो. पुढे मायकल बेरी यांनी १९८४ मध्ये पुंजयामिकीत हीच गोष्ट सर्वसाधारण रूपात सिद्ध केली. इलेक्ट्रॉनाच्या अंगी स्पिन नावाचा चुंबकीय गुण असतो. तो स्कर्मिऑनमधून जाताना आपला स्पिन स्थानिक परिबलांच्या दिशेला वळवत जातो, म्हणजे त्याचा स्पिनही गोलावर फिरतो आणि त्याला पंचरत्नम यांनी सांगितल्यासारखा कलाफरक मिळतो. हा कलाफरक इलेक्ट्रॉनाला अगदी चुंबकीय क्षेत्रासारखा भासतो. प्रत्येक स्कर्मिऑन इलेक्ट्रॉनाच्या दृष्टीने चुंबकीय प्रवाहाच्या एका पुंजासारखा असतो आणि हा पुंज निसर्गस्थिरांकांनी ठरलेला असल्याने स्कर्मिऑन जितका लहान तितके आभासी क्षेत्र तीव्र. आकार सुमारे अडीच नॅनोमीटर धरला तर हिशेबाने हे क्षेत्र पाचशे-सहाशे टेस्लांच्या घरात जाते. प्रयोगशाळेतील सर्वांत समर्थ स्थिर विद्युत्-चुंबक ४५ टेस्लांच्या आसपास पोचतात आणि किहीमच्या वाळूवर असलेले पृथ्वीचे क्षेत्र या आभासी क्षेत्राच्या एक कोटीव्या हिश्श्याहूनही कमी आहे. हे क्षेत्र होकायंत्राला जाणवत नाही, ते वाहत्या इलेक्ट्रॉनांना जाणवते, आणि त्याची खूण म्हणजेच हॉल परिणामात उरलेला तो तिसरा भाग.

स्कर्मिऑनांची सुव्यवस्थित जाळी प्रथम २००९ मध्ये म्यूनिकच्या तांत्रिक विद्यापीठातील गटाने मँगनीज सिलिसाइडमध्ये दाखवली. त्या पदार्थाची स्फटिकरचना डाव्या-उजव्या हातासारखी एकतर्फी असते, त्यामुळे शेजारच्या परिबलांना एका बाजूला मुरडण्याची प्रवृत्ती रचनेतूनच मिळते आणि स्कर्मिऑनचा आकार सुमारे १८ नॅनोमीटर असतो. अशी एकतर्फी रचना हीच स्कर्मिऑनची पूर्वअट आहे असे त्यानंतर काही वर्षे मानले जात असे. गॅडोलिनियमचे संयुग या समजात बसत नव्हते, कारण त्याची रचना समतोल आहे आणि तिच्यात मुरड घालणारे काही नाही.

समतोल रचनेतही मुरड कशी येते, याचे उत्तर त्रिकोणात आहे. त्रिकोणाच्या तीन कोपऱ्यांवर तीन परिबले आहेत आणि प्रत्येकाला शेजाऱ्याच्या विरुद्ध राहायचे आहे असे समजले, तर पहिली दोन एकमेकांच्या विरुद्ध बसतात पण तिसऱ्याची कोंडी होते, कारण ते कोणत्याही बाजूला वळले तरी एका शेजाऱ्याशी जुळत नाही. सगळी त्रिकोणी जाळी अशा कोंड्यांनी भरलेली असते आणि अनेक वेगवेगळ्या मांडण्या जवळजवळ सारख्याच ऊर्जेच्या ठरतात. त्यात गॅडोलिनियमचे अणू एकमेकांशी थेट संपर्कात नसतात. त्यांच्यातील देवाणघेवाण वाहत्या इलेक्ट्रॉनांमार्फत होते आणि ही देवाणघेवाण अंतरानुसार कधी समांतर तर कधी विरुद्ध दिशेला अनुकूल होते. रुडरमन, किटेल, कासुया आणि योसिदा या चौघांच्या नावाने ओळखली जाणारी ही यंत्रणा आणि त्रिकोणाची कोंडी एकत्र आल्यावर परिबले काही अणूंच्या टप्प्यात वळत जाणाऱ्या नागमोडी मांडण्या पसंत करतात. जपानमधील ओकुबो, चुंग आणि कावामुरा यांनी २०१२ मध्ये गणिताने दाखवले की त्रिकोणी जाळीत, मुरडीची मदत नसतानाही, केवळ कोंडी आणि बाह्य क्षेत्र यांच्या जोरावर स्कर्मिऑनांची जाळी उभी राहू शकते.

निर्णायक प्रयोग २०१९ मध्ये आला. ताकाशी कुरुमाजी आणि जपानमधील त्यांच्या सहकाऱ्यांनी गॅडोलिनियमच्या याच संयुगात स्कर्मिऑनांची जाळी आणि प्रचंड टोपोलॉजिकल हॉल परिणाम एकत्र दाखवून दिला. १९९९ च्या निबंधातील दोन उड्यांच्या मधला जो प्रदेश होता, तोच स्कर्मिऑनांचा प्रदेश निघाला. चुंबकीय मांडणी पाहण्याचे नेहमीचे साधन म्हणजे न्यूट्रॉनांचा झोत, परंतु नैसर्गिक गॅडोलिनियम न्यूट्रॉन इतक्या भुकेने गिळतो की नमुन्यातून फारसे बाहेर येतच नाही, म्हणून गॅडोलिनियमच्या ऊर्जेशी जुळवलेल्या क्ष-किरणांचा उपयोग करावा लागला. स्कर्मिऑनचा आकार सुमारे अडीच नॅनोमीटर, म्हणजे जेमतेम सहा अणूंइतका निघाला, मँगनीज सिलिसाइडमधील आकाराच्या सातव्या हिश्श्याएवढा. त्याच वर्षी संपतकुमारन यांनी एका टिपणात जुन्या हॉल वक्राकडे लक्ष वेधून टोपोलॉजिकल हॉल परिणामाच्या इतिहासात त्याचे स्थान काय, हा प्रश्न मांडला. हा प्रश्न अग्रक्रमाच्या वादापुरता घेणे अन्यायाचे होईल. १९९९ मध्ये स्कर्मिऑनची भाषा चुंबकाच्या प्रयोगशाळांत रुळलेली नव्हती, त्यामुळे त्या वक्राला नाव देणे शक्य नव्हते. पण नाव नसलेली गोष्ट नोंदवण्याची शिस्त होती, आणि पुढच्या संशोधकांना कोणत्या पदार्थात शोध घ्यावा हे त्या नोंदीमुळे सापडले.

थरयुक्त पदार्थांतील टोपोलॉजी एवढ्यावर संपत नाही. काही स्फटिकांत परिबलांची मांडणी साधीच असते, पण इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापट्ट्यांना गणिती पीळ असतो. टोपोलॉजिकल निरोधक म्हणून ओळखले जाणारे हे पदार्थ आतून विजेला अडवतात आणि पृष्ठभागावरून वाहू देतात. मँगनीज बिस्मथ टेल्युराइड हा त्यातील स्वतःच चुंबकीय असलेला पदार्थ २०१९ मध्ये पुढे आला: त्याचा प्रत्येक थर सात अणुप्रतलांचा असतो, मधल्या प्रतलात मँगनीज, एका थरातील सगळी परिबले एका दिशेला आणि लगतच्या थरातील बरोबर उलट. थरागणिक पालटणारी ही दिशा दख्खनच्या उलट-सुलट लोटांची आठवण करून देते, पण तेथे पालटले होते पृथ्वीचे क्षेत्र आणि येथे पालटवणारी शक्ती स्फटिकाच्या आतच आहे. थर सोलून पाच थरांचा पापुद्रा काढला की एक परिबल-थर जोडीविना उरतो आणि अशा पापुद्र्यात २०२० मध्ये चीनमधील संशोधकांना बाह्य क्षेत्राशिवाय १.४ केल्व्हिन तापमानाला पुंजित हॉल परिणाम मिळाला, ज्यात रुंदीतील रोध २५,८१२.८ ओहम या निसर्गनियत मूल्यावर येऊन ठेपतो. क्षेत्राशिवाय असा परिणाम संभवतो हे डंकन हॉल्डेन यांनी १९८८ मध्ये कागदावर दाखवले होते आणि २०१६ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. क्रोमियम मिसळलेल्या अशाच थरांत २०१३ मध्ये तो प्रथम दिसला तेव्हा तापमान एका केल्व्हिनच्या शंभराव्या हिश्श्याच्या तिपटीइतके खाली न्यावे लागले होते, हे पाहता सात वर्षांतली मजल लहान नाही.

अशा पदार्थांवर आधारलेल्या स्मृतिसाधनांची चर्चा बरीच होते. अडीच नॅनोमीटरच्या आकृतीत माहितीचा एक अंश साठवता आला तर साठवणीची घनता खूप वाढेल आणि टोपोलॉजीमुळे तो अंश सहजी पुसला जाणार नाही, असा हा तर्क आहे. परंतु २१ केल्व्हिनखालीच टिकणारी अवस्था अतिशीत यंत्रणेवाचून वापरता येत नाही आणि तापमान वाढवणे हा अजून न सुटलेला प्रश्न आहे.

मूळ संयुगाविषयीही सगळे मिटलेले नाही. स्कर्मिऑन जन्माला घालण्यात त्रिकोणाच्या कोंडीचा वाटा किती आणि वाहत्या इलेक्ट्रॉनांच्या देवाणघेवाणीचा किती, यावर मतभेद आहेत. २०२० मध्ये गॅडोलिनियम, रुथेनियम आणि सिलिकॉन यांच्या एका संयुगात, जेथे गॅडोलिनियमची जाळी त्रिकोणी नसून चौकोनी आहे, सुमारे १.९ नॅनोमीटरचे स्कर्मिऑन सापडल्यामुळे निव्वळ त्रिकोणाकडे बोट दाखवणे कठीण झाले. १९९८ मध्ये नोंदलेल्या रोधाच्या तळाला वांग, बाटिस्टा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये एक स्पष्टीकरण दिले: कोंडीत सापडलेली परिबले क्रमात येण्याच्या बऱ्याच आधीपासून द्रवातील रेणूंसारखी परस्परांशी अंशतः जुळलेली असतात आणि वाहत्या इलेक्ट्रॉनांना ती विखुरतात, त्यामुळे कोंडो परिणाम नसतानाही तापमान उतरताना रोध वाढतो. हे खरे असेल तर रोधाचा तळ आणि हॉल वक्रातला फुगवटा ही एकाच कोंडीची दोन लक्षणे ठरतात. याच कुळात गॅडोलिनियमच्या जागी टर्बियम किंवा डिस्प्रोसियम बसवता येते आणि या संयुगांचीही मोजमापे टाटा संस्थेत झालेली आहेत. त्या मूलद्रव्यांची परिबले स्फटिकाच्या विशिष्ट दिशांना धरून राहत असल्याने ती वळवणे अवघड जाते, त्यामुळे त्यांच्या हॉल वक्रांत जे काही वेगळे आहे त्यातले किती मांडणीच्या आकारातून आले आणि किती दिशेच्या या आग्रहातून, हे वेगळे काढण्याचे काम बाकी आहे.